पोस्टरवर कोणाचं चित्र काढायचं?

(संस्थेच्या वार्षिक मित्रमेळाव्यात सातपुड्यातील आपल्या दवाखान्याच्या परिचारिकेने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. – संपादक)



मला आज आरोग्यकार्याचा अहवाल द्यायला बोलावलं आहे. आकडे तुमच्या हातातल्या छापील कागदात आहेत, ते मी वाचत बसत नाही. एकाच गोष्टीवर बोलते, कारण तिच्याविषयी आपल्या कार्यालयाकडे पत्रं आली आहेत. तुमच्या देणगीतून आम्ही एच.आय.व्ही.ची जी पोस्टरं छापतो, त्यांतल्या एकावर निरोधाचं पाकीट दाखवलं आहे. एका बंधूंनी विचारलं आहे की मंडळीच्या पैशातून असलं चित्र का छापता? एका भगिनींनी लिहिलं आहे की छापायचंच असेल तर पापाचं फळ काय होतं ते दाखवा, म्हणजे लोक भितील. दोन्ही पत्रं रागाने लिहिलेली नाहीत. लिहिणारे कित्येक वर्षं आमच्यासाठी प्रार्थना करत आले आहेत. त्यांना नीट उत्तर मिळायला हवं, आणि ते चार ओळींच्या चिठ्ठीत मावणारं नाही.

आधी भीतीविषयी बोलते.

माझ्या पिशवीत काही जुनी पोस्टरं गुंडाळून आणली आहेत. जेवणाच्या सुट्टीत मागच्या टेबलावर पसरून ठेवीन, सावकाश पाहा. एकावर कवटी आहे. एकावर फणा काढलेला साप, आणि त्याच्या वेटोळ्यात अडकलेला माणूस. एकावर सांगाडा, आणि त्याच्या शेजारी दिव्याच्या खांबाला टेकून उभी असलेली, ओठ रंगवलेली बाई. चाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांनी असली चित्रं एस.टी. स्टँडवर नाहीतर सरकारी दवाखान्यात पाहिली असतील.

ती काढणाऱ्यांना मी दोष देणार नाही. आपल्या देशात एच.आय.व्ही.ची लागण पहिल्यांदा उघडकीस आली ती १९८६ मध्ये, मद्रासला. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी ते काम केलं. त्या वेळी जगात कुठेच या आजारावर उपयोगी पडेल असं औषध हाती नव्हतं. डॉक्टरांकडे द्यायला काही नसलं की सांगायला भीतीच उरते. १९८७ च्या सुरुवातीला ब्रिटनच्या सरकारने घरोघरी पत्रक पाठवलं, आणि दूरदर्शनवर जी जाहिरात दाखवली तिच्यात थडग्याच्या दगडावर छिन्नीने रोगाचं नाव कोरलं जात होतं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात काळ्या झग्यातला मृत्यू चेंडू टाकतो आणि बाया, मुलं, म्हातारी माणसं ठोकळ्यांसारखी आडवी पडतात, अशी जाहिरात आली. आपल्याकडे १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नाको, स्थापन झाली, आणि मग आपल्याही भिंती रंगल्या.

भीतीने लोक जागे झाले, हे खरं आहे. चर्चेत यायलाच नको असा विषय लोकांच्या तोंडी आला. पण भीतीचं चित्र ज्याला अजून लागण झालेली नाही त्याच्याशीच बोलतं. ज्याला झाली आहे त्याला ते एवढंच सांगतं की तू आता संपलास. आणि आपल्याला लागण आहे की नाही हेच ज्याला माहीत नाही तो माणूस कवटी बघून काय करतो? तपासणीला येतो का? आमचा अनुभव असा की तो चार हात लांब राहतो. कळलंच नाही तर बरं, असं त्याला वाटतं.

तिकडे चित्र भिंतीवर राहिलं आणि औषध पुढे निघून गेलं. १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत आली आणि माणसं जगू लागली. आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारने ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. त्याला आपण एआरटी म्हणतो. पूर्वी रक्तातल्या पेशी ठराविक आकड्याखाली गेल्या की मगच औषध मिळायचं. २०१७ पासून लागण आढळली की लगेच सुरू करतात. आज बहुतेकांना दिवसातून एकच गोळी घ्यावी लागते. ती रोज घेतली आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा इतका दबला, की त्या माणसापासून त्याच्या जोडीदाराला संबंधातून लागण होत नाही. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. २०१६ आणि २०१९ मध्ये युरोपातल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणू असा दबलेल्या माणसांच्या शेकडो जोडप्यांत, निरोध न वापरताही, जोडीदाराकडून झालेली एकही लागण सापडली नाही.

आता हे कुठल्या पोस्टरवर आहे? शहरात असेल. आमच्या डोंगरात अजून कुठे कुठे तो सापच फणा काढून बसलेला आहे.

दुसऱ्या देशांतली दोन उदाहरणं सांगते, कारण त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकले.

ऑस्ट्रेलियातल्या त्या मृत्यूच्या जाहिरातीचा उल्लेख केला. तिथले मूळ रहिवासी, अ‍ॅबोरिजिनल लोक, यांच्या वस्तीत काम करणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांना ती जाहिरात आपल्या माणसांसाठी उपयोगाची वाटली नाही. क्वीन्सलँडमधल्या टाउन्सव्हिल इथल्या कार्यकर्त्यांनी, त्यांत ग्रेसलिन स्मॉलवूड नावाच्या अ‍ॅबोरिजिनल परिचारिका पुढे होत्या, १९८७ मध्येच आपलं वेगळं पोस्टर काढलं. त्याचं नाव कॉन्डोमॅन. आमच्या पिढीने इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळ वाचला, त्या धर्तीचा एक वीर, पण कातडीचा रंग त्यांचा आणि बोली त्यांची. लाजू नका, एवढंच तो आपल्या पोरांना त्यांच्या भाषेच्या वळणाने सांगायचा. हसत हसत लोकांनी ते पोस्टर भिंतीवर लावलं. मी सातपुड्यात कॉन्डोमॅन लावा असं म्हणत नाही, आमच्या बायकांना ते आवडायचं नाही. पण ते चित्र बाहेरच्यांनी काढून त्यांच्या भिंतीवर चिकटवलेलं नव्हतं. त्यांच्याच माणसांनी काढलेलं होतं. ही गोष्ट आम्ही उचलली.

दुसरं उदाहरण युगांडाचं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या सरकारने गुराखी लोकांना कळेल असा शब्द निवडला. त्याचा अर्थ असा की गुरं दावणीला बांधून चारा घाला, मोकळी सोडून दुसऱ्याच्या रानात चरू देऊ नका. कोणाची बदनामी नाही, उपदेशाचा लांब पाढा नाही, आणि ज्याच्या घरी गाय आहे त्याला अर्थ विचारावा लागत नाही. पुढे तिथे निरोधाचाही प्रचार झाला. १९९० च्या दशकात युगांडातली लागण खूप खाली आली. श्रेय निष्ठेच्या प्रचाराला किती आणि निरोधाला किती, यावर जाणकार अजून भांडतात. त्यांना भांडू द्या. त्याच देशात १९९२ मध्ये गिडियन ब्यामुगिशा नावाच्या अँग्लिकन पाळकांनी आपल्याला एच.आय.व्ही. आहे हे उघडपणे सांगितलं. आफ्रिकेत असं उघड सांगणारे ते पहिले धर्मसेवक मानले जातात. व्यासपीठावर उभा असलेला पाळकच असं म्हणाला, तर खाली बसलेल्या मंडळीतल्या किती जणांच्या छातीवरचा दगड उतरला असेल, याचा विचार करा.

आपल्या महाराष्ट्रातही एक मोहीम गाजली. २००२ च्या अखेरीस मुंबईत जागोजागी हिंदीत फलक लागले की बलबीर पाशाला एड्स होईल का? लोकल गाडीत लोक एकमेकांना विचारायचे, हा बलबीर कोण? सगळ्या शहराला बोलतं केलं त्याने. पण त्यात बलबीर जिच्याकडे जातो ती धंदा करणारी बाईच जणू रोगाचं उगमस्थान आहे असं दिसतं, अशी टीका त्या बायांसोबत काम करणाऱ्या संस्थांनी केली. मला ती टीका पटते. तिला कोणीतरी पुरुषानेच लागण दिली, हे पोस्टरवर येत नाही. पश्चिम बंगालमध्ये २००४ साली वेगळा मार्ग धरला. तिथे साडी नेसलेली, अंबाडा घातलेली एक बाहुली, बुलादी, लोकांना मोठ्या बहिणीसारखी सांगू लागली. घरातल्या कोणत्याही बाईला तिच्याकडे मान वर करून बघता येत होतं.

आता आमच्या डोंगरात या.

आमच्याकडे घरात पावरी बोलतात, पलीकडच्या पट्ट्यात भिली. मराठी शाळेत शिकतात आणि पुष्कळ बायकांची शाळा दुसरी-तिसरीतच सुटलेली असते. पोस्टर येतं ते मराठीत किंवा हिंदीत, आणि लागतं ते तालुक्याच्या दवाखान्यात, जिथे जायला अर्धा दिवस मोडतो. म्हणून आमच्याकडे पोस्टर वाचलं जात नाही, पाहिलं जातं. शहरातल्या माणसाच्या हे चटकन लक्षात येत नाही.

एक प्रसंग सांगते. बाहेरून आमच्याकडे एक पोस्टर आलं होतं. डास, भांडी, हात मिळवणं, एकत्र जेवणं, यांनी एच.आय.व्ही. होत नाही असा त्याचा मजकूर. माहिती अगदी बरोबर. मधोमध मोठा थोरला डास आणि त्याच्यावर लाल फुली. मी बाजाराच्या दिवशी चार बायकांना विचारलं, यात काय आहे? त्यांनी सांगितलं, हा डास चावला की तो मोठा आजार होतो. फुली म्हणजे 'नाही', हे शाळेत शिकावं लागतं. जी शाळेत गेली नाही तिला ती डासावर मारलेली काठी वाटते, किंवा काहीच वाटत नाही. एक आजी म्हणाली, आमच्याकडे एवढे मोठे डास नाहीत, म्हणजे आम्हाला भीती नाही. तुम्ही हसलात, पण आजी तर्काने चुकीचं बोलत नव्हती.

म्हणून आम्ही एक नियम केला. जे होत नाही त्याचं चित्र काढायचं नाही, जे करायचं त्याचंच काढायचं. एच.आय.व्ही. असलेल्या भावाच्या ताटात घरचे जेवताहेत, असं चित्र काढा. फुली नको, बाण नको.

आता त्या रंगवलेल्या ओठांच्या बाईकडे येते. बाजूला सांगाडा असलेलं ते पोस्टर.

आमच्या भागातली माणसं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात. मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो. कोणी जोडीने ऊसतोडीला जातं, त्याला कोयता म्हणतात. कोणी एकटे गडी बांधकामावर, विहिरीच्या कामावर, गाडीवर जातात. होळीला सगळे परततात. आमच्याकडे होळी हा वर्षातला सगळ्यात मोठा सण. भोंगऱ्या बाजारात ढोल वाजायला लागले की कुठेही असला तरी माणूस घरी येतोच. मधले चार-पाच महिने तो कुठे होता, कोणासोबत होता, हे त्याचं त्याला माहीत.

एक मुलगी, मुलगीच म्हणते, बावीस-तेवीस वर्षांची असेल, दुसऱ्या खेपेला गरोदर होती. प्रार्थनेला नियमित येणारी. गरोदरपणाच्या तपासणीत तिची एच.आय.व्ही. चाचणी झाली आणि लागण आढळली. तिच्या आयुष्यात नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष नव्हता. समुपदेशन झालं, औषधाचं समजावलं, ती मान हलवत होती. जाताना मात्र ज्या सरकारी खोलीत आम्ही बसलो होतो तिथल्या भिंतीवर तिची नजर गेली. तिथे तेच पोस्टर होतं. तिने त्या बाईकडे बोट दाखवलं आणि मला विचारलं, "सिस्टर, आता लोक मला ही म्हणतील का?" आमच्याकडे सगळ्यांना अरे-तुरेच करतात, त्यामुळे पुढचं वाक्य ती मला म्हणाली ते तसंच सांगते. "तू कोणाला सांगू नको."

त्यानंतर दीड महिना ती आली नाही. पोटातल्या बाळासाठी तो दीड महिना फार मोलाचा असतो. औषध न घेतलेल्या आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण शंभरात पंधरापासून पंचेचाळीसपर्यंत असू शकतं. औषध वेळेवर घेतलं तर ते पाचाच्याही खाली आणता येतं. आशाताई तीनदा तिच्या पाड्यावर गेली, बाकीच्यांना कळू नये म्हणून दरवेळी दुसऱ्या कोणाच्या तरी बाळाचं वजन करायचं निमित्त काढून. शेवटी ती आली. औषध सुरू झालं. बाळाला जन्मानंतर लगेच औषध दिलं. अठरा महिन्यांनी बाळाची शेवटची तपासणी झाली, त्यात लागण नव्हती. नवराही तपासणीला आला, पण त्याला सात महिने लागले. दोघेही आज गोळ्या घेतात, शेतात राबतात, आणि बाळ आता इतकं द्वाड झालंय की दवाखान्यात आलं की माझा स्टेथोस्कोप सोडत नाही.

आता मला सांगा, त्या मुलीला आपण कुठलं पोस्टर द्यायला हवं होतं? निष्ठावान राहा, असं? ती होतीच. पापाचं फळ पाहा, असं? कोणाच्या? ज्या भगिनींनी ते सुचवलं त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगते, असं चित्र ज्याच्यासाठी काढलेलं असतं त्याला लागत नाही. तो बाहेरगावी असतो. घरी बसलेल्या तिला लागतं.

२०१७ मध्ये आपल्या संसदेने एच.आय.व्ही. आणि एड्सविषयी कायदा केला, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. लागण असलेल्यांविषयी तिरस्कार पसरवायला त्यात मनाई आहे, आणि ती बोलण्या-लिहिण्यापुरती नाही. खुणेने किंवा चित्राने केलेला प्रचारही त्यात येतो. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि कोणाची लागण त्याच्या परवानगीशिवाय सांगता येत नाही. लग्नाआधी मंडळी चाचणीचा कागद मागते अशी काही ठिकाणची पद्धत मला माहीत आहे. दोघांनी मिळून, आपण होऊन चाचणी करावी, हे मी प्रत्येक जोडप्याला सांगते. पण कागद पाळकसाहेबांच्या टेबलावर यायला नको. तो त्या दोघांचा आहे.

आता निरोधाचं चित्र. ते प्रत्यक्ष कसं आहे, हे पत्र लिहिणाऱ्या बंधूंनी पाहिलं असेल की नाही मला माहीत नाही, म्हणून सांगते. त्यावर घराचा आतला भाग आहे. कुडाची भिंत, चूल, कोपऱ्यात कणगी. नवरा-बायको बसली आहेत, बायकोच्या अंगावर आमच्याकडचे चांदीचे दागिने आहेत, मूल मांडीवर. भिंतीतल्या कोनाड्यात चिमणी आहे, गोळ्यांची डबी आहे आणि तिच्या शेजारी निरोधाचं पाकीट. एवढंच. ते चित्र आमच्याच भागातल्या एका शिक्षकांनी काढलं आणि आम्ही ते सहा पाड्यांवर फिरवलं. कच्च्या चित्रात कोनाडा नव्हता, पाकीट नवऱ्याच्या हातात होतं. बायका म्हणाल्या, हे हातात घेऊन कोणी मुलासमोर बसतं का? म्हणून ते कोनाड्यात गेलं. पुरुषांनी सांगितलं की गोळ्यांची डबी आहे तशी काढा, गोल पांढरी, म्हणजे ज्याच्या घरी आहे त्याला कळेल आणि बाकीच्यांना ती साधी औषधाची डबी वाटेल. हे मला कधीच सुचलं नसतं.

ते पाकीट घरात का आहे? नवऱ्याला लागण आहे आणि बायकोला नाही, अशी जोडपी आमच्याकडे आहेत. औषध सुरू झाल्यापासून विषाणू दबेपर्यंत काही महिने जातात. मध्ये गोळ्या चुकतात, स्थलांतरात तर हमखास चुकतात. तेवढ्या काळात त्या बायकोला वाचवायला निरोध लागतो. निरोध हा शब्द आपल्या देशात १९६८ पासून सरकारी पाकिटावर आहे, कुटुंबनियोजनासाठी. मंडळीतल्या कित्येक घरांत तो येऊन गेला आहे, लाल त्रिकोणाच्या पोस्टरकडे बघून तेव्हा कोणी देणगी परत मागितली नव्हती. नवरा-बायकोने मुलं किती असावीत म्हणून तो चालतो, आणि बायकोचा जीव वाचावा म्हणून चालत नाही, हे मला समजत नाही.

हातचं राखून बोलायचं नाही म्हणून पुढचंही सांगते. ते चित्र फक्त नवरा-बायकोसाठी उपयोगी पडतं असं मी म्हणणार नाही. सतरा-अठरा वर्षांचा पोरगा मुकादमाच्या जीपमधून जाताना ते पाहतो आणि त्याला माहीत होतं की असं काही असतं आणि ते दवाखान्यात फुकट मिळतं. आमचे पाळक त्या पोराला काय सांगायचं ते सांगतात, आणि तेही बरोबरच सांगतात. त्याने ऐकलं तर उत्तमच. पण नाही ऐकलं, तर होळीला तो ढोल वाजवायला लागण न घेता परत यावा, एवढी माझी इच्छा आहे. म्हणजे पाळकांना त्याच्याशी पुन्हा बोलता येईल, आणि पुढे तो ज्या मुलीशी लग्न करील तिला माझ्यासमोर त्या खोलीत बसावं लागणार नाही. यापेक्षा मोठा युक्तिवाद माझ्याकडे नाही. ज्यांना तरीही ते चित्र पटत नाही, त्यांनी आपली देणगी गोळ्यांसाठी येणाऱ्या रुग्णांच्या प्रवासखर्चाला लावायला सांगावी. आम्ही हिशेब वेगळा ठेवतो, आणि नाराजी धरत नाही.

पोस्टर लावायचं कुठे, हेही आता थोडक्यात सांगते. दवाखान्यात लावलेलं पोस्टर आधीच दवाखान्यात आलेल्यालाच दिसतं. आम्ही ते न्हाव्याच्या दुकानात लावतो, पिठाच्या गिरणीत लावतो, आणि भोंगऱ्या बाजारात बांबूवर बांधतो. एका मुकादमाने आपल्या जीपच्या आत लावायला मागून घेतलं. त्याच्या मनात काय होतं ते मी विचारलं नाही. बडव्याकडेही, म्हणजे आमच्याकडच्या भगताकडे, आम्ही एक दिलं. काहींना ते खटकलं. पण आजारी माणूस आधी त्याच्याकडे जातो, मग आमच्याकडे. तो दोन जणांना घेऊन तपासणीला आला आहे. निरोध कसा वापरायचा हे दाखवायला मात्र आम्ही चित्र काढत नाही. ते दरवाजा बंद करून, बायकांना मी आणि पुरुषांना आमचे कार्यकर्ते, लाकडी नमुन्यावर दाखवतात. सगळंच भिंतीवर आणायची गरज नसते.

आता मागणं. दोन आहेत.

एक, पोस्टरं दिवाळीच्या आधी छापून मिळायला हवीत. गेल्या वेळी ती डिसेंबरात पोहोचली, तेव्हा पाडे रिकामे होते आणि म्हाताऱ्यांना व कोंबड्यांना ती आम्ही दाखवली. पावरी आणि भिली, दोन्ही बोलींत हवीत. अक्षर देवनागरीच, मजकूर दोन ओळी. शिक्षकांनी चित्रं तयार ठेवली आहेत.

दुसरं मागणं तुमच्यातल्या कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर या बाजूंच्या मंडळ्यांसाठी आहे. आमची माणसं तुमच्या कारखान्यांच्या शिवारात येऊन खोपट्यांत राहतात. तुमच्या गावापासून दोन-तीन किलोमीटरवर असतील. नाताळात तुम्ही त्यांना कपडे आणि फराळ नेता, हे मला माहीत आहे आणि त्याबद्दल मी आभार मानते. या वर्षी सोबत ही पोस्टरंही न्या. ज्यांच्या गोळ्या संपत आल्या असतील त्यांना जवळचं एआरटी केंद्र दाखवा; एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात नाव हलवून घेता येतं, फक्त ते त्यांना सांगणारं कोणी लागतं. कोणाला लागण आहे ते विचारू नका. १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक सगळ्यांनाच द्या, म्हणजे कोणाला हवा होता ते तुम्हाला कळायचं कारण नाही.

आणि छपाई पाहणाऱ्या बंधूंना एक विनंती. पोस्टरच्या खाली चार बोटं जागा कोरी सोडा, तिथे कुठल्याही देणगीदाराचं नाव नको. त्या जागेत आम्ही जवळच्या तपासणी केंद्राचं गाव आणि बाजाराचा वार हाताने लिहितो. प्रत्येक पाड्याचा बाजार वेगळ्या वारी असतो.